घरी कोणी नसताना आलेलं पार्सल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सोसायटीचं सचिवपद सांभाळताना आणि पुढे ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात लोक जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. भांडण कितीही मोठं असलं तरी शेवटी प्रश्न एकच उरतो: पार्सल नेमकं कोणाच्या हातात गेलं आणि तशी नोंद कोणी केली? उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे तेच ते पुन्हा सांगायला नको.

१. घरी कोणी सापडलं नाही तर डिलिव्हरीवाला पुन्हा येतो का?

खासगी कुरिअरवाले सहसा दोन-तीन फेऱ्या करतात. नंतर पार्सल 'आरटीओ' होतं, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत जातं. (गाड्यांच्या आरटीओशी याचा संबंध नाही. होय, हेही विचारलं गेलं आहे.) पहिली फेरी फुकट गेली की त्याच दिवशी ज्या अ‍ॅपवरून मागवलं तिथे जाऊन दिवस बदलून घ्या. मेसेजमधल्या लिंकवरून नको, कारण प्रश्न १५ मध्ये आहे. दहा-वीस मिनिटांत किराणा किंवा जेवण आणून देणाऱ्यांकडे दुसरी फेरी नसते. काही मिनिटं वाट पाहून ऑर्डर रद्द होते आणि पैसे परत मिळतीलच असं नाही.

२. पोस्टमन दार बंद बघून परत गेला. आता पार्सल कसं सोडवायचं?

पोस्टमन 'सूचना दिली' असा शेरा मारतो आणि पार्सल कार्यालयात नेऊन ठेवतो. तिथे ते साधारण सात दिवस थांबतं, मग परतीला लागतं. दिवस शेऱ्याच्या तारखेपासून मोजतात, चिठ्ठी तुमच्या नजरेला पडली तेव्हापासून नाही.

लोकांची फेरी वाया जाते ती एका गैरसमजामुळे. घराजवळचं पोस्ट म्हणजे आपलं वाटपाचं पोस्ट, असं आपण धरून चालतो. शहरातल्या बऱ्याच लहान पोस्टांत फक्त बुकिंग होतं, वाटप दुसरीकडून. म्हणून आधी ट्रॅकिंगवर कार्यालयाचं नाव बघा. स्पीड पोस्टाचा क्रमांक तेरा अक्षरी असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. फोटो असलेलं ओळखपत्र आणि हा क्रमांक घेऊन सकाळी बॅगा बाहेर पडायच्या आत किंवा पोस्टमन परत आल्यावर दुपारनंतर जा. मधल्या वेळात गेलात तर पार्सल पुन्हा पोस्टमनबरोबर तुमच्याच दारी गेलेलं असण्याची शक्यता असते. दुसऱ्या कोणाला पाठवणार असाल तर सही केलेलं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं द्या.

३. रजिस्टर पोस्ट बंद झालं म्हणतात. मग 'ज्याचं त्याच्याच हातात' हे संपलं का?

संपलेलं नाही. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टावर पाच रुपये अधिक जीएसटी भरून 'नोंदणी' घेता येते. मग ते पत्र फक्त ज्याच्या नावे आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच मिळतं. तेवढेच पैसे भरून ओटीपीवर डिलिव्हरीही घेता येते. दोन्ही पर्याय पाठवणाऱ्याने बुकिंगच्या वेळी घ्यायचे आहेत. कॉलेजकडून किंवा सासरहून काही महत्त्वाचं यायचं असेल तर त्यांना आधीच सांगा.

४. 'वॉचमनकडे ठेवा' असं मीच सांगितलं आणि पार्सल गायब झालं. जबाबदार कोण?

तुमच्या सांगण्यावरून वॉचमनच्या हाती दिलं आणि तशी नोंद झाली, तर कुरिअरच्या लेखी पार्सल पोचलं. कंपनीशी भांडायला फारशी जागा उरत नाही. सोसायटीवरही पार्सल सांभाळायची आपोआप जबाबदारी येत नाही. सभेने ठराव करून तशी सोय केली असेल तर गोष्ट वेगळी. वॉचमनच्या पगारातून कापून घ्या असं सुचवणारे सभासद प्रत्येक सोसायटीत निघतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एकदा केबिनमध्ये डोकावून बघा. खुर्चीखाली चपलांचे खोके, टेबलावर आकाशकंदील, पाण्याच्या जारवर कोणाचा तरी मिक्सर, आणि वॉचमन एका हाताने गेट उघडत दुसऱ्या हाताने कोणाला तरी ओटीपी विचारतोय. त्याच्याकडून गोदामाच्या शिस्तीची अपेक्षा कशी करायची?

करायचंच असेल तर नीट करा. एक रॅक, त्यावर विंगप्रमाणे कप्पे, आणि एक वही: तारीख, फ्लॅट, कंपनी, वेळ, नेणाऱ्याची सही. ठरावात दोन वाक्यं घाला. किमती वस्तू ठेवल्या जाणार नाहीत, आणि रात्री दहानंतर राहिलेल्या पार्सलला सोसायटी जबाबदार नाही. आमच्याकडे वही सुरू झाल्यावर तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या, कारण 'हरवलेली' बरीच पार्सलं घरच्याच कोणीतरी नेऊन कपाटात ठेवलेली निघायची.

५. आई-बाबा घरी असतात, पण ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो आणि मी मीटिंगमध्ये. काय करू?

अ‍ॅपमध्ये घराचा पत्ता दोनदा साठवा. एकदा तुमच्या नंबरासह, एकदा बाबांच्या. ऑर्डर करताना दुसरा निवडा. म्हणजे डिलिव्हरीवाल्याचा फोन थेट त्यांनाच जातो. ओटीपी मात्र बऱ्याच अ‍ॅपांत ज्याच्या नावाचं खातं आहे त्याच्याकडेच येतो. मग सकाळीच तो बाबांना पाठवून ठेवा आणि बजावून सांगा: पार्सल हातात आल्यावरच आकडा सांगायचा.

६. 'ओटीपी आत्ता द्या, पार्सल संध्याकाळी आणून देतो' असं म्हणतात. द्यावा का?

नाही. ओटीपी म्हणजे पोच पावतीवरची सही. ती झाली की तुमच्या नावावर 'डिलिव्हर्ड' लागलं. मुलगा प्रामाणिक असला तरी त्याची बॅग हरवू शकते, हबवर नग बदलू शकतो. त्याला सांगा, 'उद्याची तारीख टाक, मी अ‍ॅपमधूनही बदलतो.' मोबाइल, लॅपटॉप अशा महागड्या वस्तूंसाठी काही कंपन्या खोका समोर उघडून दाखवतात आणि मग ओटीपी घेतात. अशी ऑर्डर वॉचमनवर किंवा शेजाऱ्यावर सोपवू नका. खोक्यात साबणाची वडी निघाली तर 'तपासून घेतलं' असं तुमच्याच बाजूने नोंदलेलं असेल.

७. मी दिवसभर घरात होते. बेल नाही, फोन नाही, तरी 'ग्राहक उपलब्ध नाही' असा मेसेज आला. हे खोटं कसं चालतं?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वात जास्त संतापाने विचारलेला. असं का होतं ते आधी समजून घ्या. अनेक मुलांना पोचवलेल्या नगावर पैसे मिळतात. पावसात, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत, गेटवर पाच-दहा मिनिटं एन्ट्रीसाठी थांबवणाऱ्या सोसायटीत एकेक नग महाग पडतो. दिवस संपताना बॅगेत जे उरतं त्याचं काहीतरी कारण अ‍ॅपमध्ये भरावंच लागतं आणि त्यातलं हेच कारण सोपं. म्हणून ते योग्य ठरत नाही, पण राग कोणावर काढायचा हे तरी कळतं. त्या मुलावर ओरडून पार्सल लवकर येत नाही.

लगेच करायचं ते असं. त्या वेळचा कॉल लॉग आणि ट्रॅकिंगची नोंद यांचे स्क्रीनशॉट काढा. सोसायटीच्या गेट अ‍ॅपमध्ये किंवा वहीत त्या कंपनीची एन्ट्री नसेल तर त्याचाही फोटो घ्या. मग कंपनीच्या अ‍ॅपमधून लेखी तक्रार करा, वाक्य साधं ठेवा: 'अमुक वाजता प्रयत्न झाल्याची नोंद आहे, गेटवर एन्ट्री नाही, फोन आलेला नाही, कृपया उद्या पुन्हा पाठवा.' नुसत्या फोनवरच्या तक्रारीला पुढे आधार राहत नाही. तेच तेच घडत राहिलं तर प्रश्न १६ पाहा.

८. 'डिलिव्हर्ड' दाखवतंय, पण घरी काही आलेलं नाही.

आधी घरात विचारा, मग वही बघा, मग शेजारी. हसू नका, प्रश्न ४ मधलं कपाट आठवा. तरी सापडलं नाही तर कंपनीकडे डिलिव्हरीचा पुरावा मागा: कोणी घेतलं त्याचं नाव, वेळ, फोटो, सही किंवा ओटीपी वापरल्याची नोंद. फोटोतल्या दाराची फरशी किंवा जाळी तुमची नसेल तर तिथेच निम्मं काम झालं. कोथरूड-कर्वेनगर भागात एकाच नावाच्या दोन-तीन इमारती असणं नवं नाही. पार्सल तिकडे पडलेलं असतं.

सीसीटीव्हीचं फुटेज लगेच बघून घ्या. बहुतेक सोसायट्यांत साठवणूक थोड्या दिवसांची असते आणि जुनं आपोआप पुसलं जातं. तक्रार अ‍ॅपमध्ये शक्यतो त्याच दिवशी नोंदवा. 'मिळालं नाही' हा पर्याय काही दिवसांनी दिसेनासा होतो.

९. शेजारच्या काकूंकडे दिल्याची नोंद आहे, काकू नाही म्हणतात.

काकूंशी भांडू नका. तुम्ही तशी सूचना दिली नसेल तर शेजाऱ्याकडे देण्याचा निर्णय कंपनीचा, तेव्हा सिद्ध करण्याची जबाबदारीही तिचीच.

१०. मी ऑफिसात असताना सासूबाईंनी सीओडीचे (पार्सल हातात घेताना द्यायचे) पैसे देऊन पार्सल घेतलं. आम्ही काही मागवलंच नव्हतं.

ही जुनी युक्ती आहे. मुलाचं किंवा सुनेचं नाव, बरोबर पत्ता, रक्कम पाचशे-सातशे, म्हणजे घरातलं माणूस फार विचार न करता पैसे देतं. आत भलतंच काहीतरी निघतं. लेबल फाडू नका. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि कुरिअरचा क्रमांक असतो. त्याच दिवशी कुरिअरकडे लेखी तक्रार करून परतफेड मागा, पैसे यूपीआयने गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंदवा. घरात नियम एकच ठेवा: आधी फोन, मग पैसे. फोन लागला नाही तर पार्सल परत.

११. औषधं किंवा गावाहून आंबे येणार आहेत आणि दिवसभर कोणी नाही.

इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये ते अर्धा दिवस राहिलं तर खराब होऊ शकतं. अशी ऑर्डर सुट्टीच्या दिवशी घ्या किंवा जवळच्या दुकानातून आणा. त्यात काटकसर नको.

आंब्याची पेटी एसटीने येत असेल तर ती दारात येणार नाही. पार्सल कार्यालयातून पावती दाखवून सोडवावी लागते आणि मुदतीनंतर विलंब आकार लागतो. कुरिअरने आली आणि वॉचमनकडे राहिली तर त्याला एवढंच सांगा: उन्हात नको, एकावर एक रचू नको, आणि त्यातले दोन तुझे. तिसऱ्या सूचनेनंतर पहिल्या दोन काटेकोर पाळल्या जातात.

१२. पासपोर्ट, बँकेचं कार्ड, लायसन्स आलं आणि घर बंद होतं.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि ओळखपत्र बघून अर्जदाराच्याच हातात दिला जातो. वॉचमन, शेजारी चालत नाहीत. सापडला नाहीत तर तो पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातो आणि मग तिथला पाठपुरावा आला. म्हणून 'पाठवला' असा मेसेज आल्यावर रोज ट्रॅकिंग बघा आणि प्रश्न २ प्रमाणे स्वतः पोस्टात जा. बँकेचं कार्ड परत गेलं तर शाखेत किंवा हेल्पलाइनवर सांगा. दुसरीकडेच पोचल्याचं दिसलं तर ते आधी ब्लॉक करा. लायसन्स आणि आरसी पत्ता न सापडल्यास परिवहन कार्यालयाकडे परत जातात.

१३. पत्ता बरोबर आहे, तरी 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत का जातं?

बहुधा पिन चुकलेला असतो. कर्वेनगरचा ४११०५२, पण सवयीने 'कोथरूड, ४११०३८' लिहिणारे कितीतरी आहेत. मग पार्सल दुसऱ्याच वाटप केंद्रात उतरतं. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली, तेव्हा निदान मराठी माणसाने तरी पिन बरोबर लिहावा. शहरात मजला, विंग आणि एक ठळक खूण घाला. 'मारुती मंदिराजवळ' ही खूण पुण्यात चालत नाही.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत मिळतो. पिनऐवजी तो लिहायचा नसतो, पिनबरोबर द्यायचा. शेतातल्या घरांना आणि वाड्यांना त्याचा उपयोग होईल.

वाडीपर्यंत कुरिअर येतच नाही, 'तिठ्यावर या' म्हणतात. मी मुंबईत, गावी फक्त आजी. (१४)

खासगी कंपन्यांचं जाळं पुष्कळदा तालुक्यापर्यंतच असतं. विक्रेता पोस्टाने पाठवायला तयार असेल तर तेच घ्या. गावच्या शाखा डाकघरातला माणूस आजीला ओळखतो. नाहीतर तिठ्यावरच्या दुकानदाराला आधी विचारून, त्याचं नाव आणि नंबर पत्त्यात 'द्वारा' म्हणून घाला. न विचारता घालू नका.

१५. 'पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल थांबलंय, लिंकवर पंचवीस रुपये भरा' असा मेसेज आलाय. खरा आहे का?

नाही. टपाल खातं पत्ता दुरुस्तीसाठी अशा लिंकवर पैसे मागत नाही. पंचवीस रुपये हे निमित्त, त्यांना कार्डाचा नंबर हवा असतो.

दुसरा प्रकार जास्त घातक. 'मी डिलिव्हरी बॉय, तुमचं घर बंद आहे, या नंबरवर फोन करून वेळ बदला' असं सांगतात. तो नंबर *२१* किंवा *४०१* ने सुरू होतो, पुढे मोबाइल नंबर, शेवटी #. डायल केलात की तुमचे सगळे कॉल त्यांच्याकडे वळतात, बँकेचा ओटीपी सांगणारा कॉलसुद्धा. केलं असेल तर लगेच ##००२# डायल करून फॉरवर्डिंग बंद करा, बँकेला कळवा, १९३० वर तक्रार द्या.

परदेशातून खरंच पार्सल येणार असेल तर एक लक्षात ठेवा: भेटवस्तूंवरची पाच हजार रुपयांपर्यंतची ड्युटीची सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. ड्युटी लागलीच तर पोस्टात किंवा पोस्टमनला पावतीवर भरायची असते. 'कस्टम अधिकारी' म्हणून फोन करून यूपीआय मागणारा कोणीही खरा नाही.

१६. कंपनी दाद देत नाही. पुढे काय?

ऑनलाइन खरेदी असेल तर ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्याचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर द्यावाच लागतो, तळाशी बारीक अक्षरांत शोधा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण कंपनीचा वेगळा विभाग ती हाताळतो. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून देता येते, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेता गुरुग्रामला असला तरी. पोस्टाच्या तक्रारीसाठी १८०० २६६ ६८६८.

दोनशे रुपयांच्या कव्हरसाठी आयोगापर्यंत जावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी सहसा १९१५ वर थांबायला सांगतो.

१७. वकिलाची नोटीस आली होती. घर बंद होतं म्हणून परत गेली. म्हणजे मिळाली नाही ना?

असं धरून बसू नका. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ च्या कलम २७ नुसार बरोबर पत्त्यावर, पैसे भरून नोंदणीकृत टपालाने पाठवलेलं पत्र पोचलं असं गृहीत धरता येतं. 'घर बंद', 'घेण्यास नकार', 'मागणी नाही' या शेऱ्यांनी ते गृहीतक आपोआप मोडत नाही. मोडायचं तर पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. चेक न वटल्याच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अलवी हाजी प्रकरणात सांगितलं की नोटीस मिळाली नाही म्हणणाऱ्याने कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत. ते न करता नोटीस मिळाली नाही ही सबब चालणार नाही. तेव्हा पोस्टमनला चुकवण्यात फायदा काही नाही. नोटीस घ्या, पाकिटावरची तारीख जपून ठेवा आणि वकिलाकडे जा.

१८. दुसऱ्याचंच पार्सल आमच्या दारात ठेवून गेले आहेत.

उघडू नका. लेबलवरचा फ्लॅट जवळचा असेल तर नेऊन द्या, नसेल तर कुरिअरच्या क्रमांकावर कळवा आणि फोटो काढून ठेवा. न्यायला येतील तेव्हा त्यांच्याकडून वहीत सही घ्या.